कंपनीतला विठोबा

"तुमच्या तळहातावर नारळ उभा राहतो म्हणे?"

कंपनीच्या वागळे वकिलांनी हे इतक्या गोडीनं विचारलं की मला वाटलं, त्यांना खरंच जाणून घ्यायचंय. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात टोपी हातात धरून उभा होतो.

"राहतो साहेब. खाली झरा असला की राहतो."

"आणि बोलतो पण का?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. कंपनीची माणसं जास्त हसली.

"नाही साहेब. बोलायला वकील असतात."

जजसाहेबांनी खाली बघून कागद चाळल्यासारखं केलं. वागळ्यांचं हसू तसंच राहिलं, पण आवाज बदलला.

"तर खिलारे, अकरा वर्षांपूर्वी कंपनीच्या आवारात बोअरची जागा तुम्ही दाखवली, असं तुमचं म्हणणं."

"मीच दाखवली. दुसऱ्या दिवशी गाडी लागली. दोनशे दहा फुटांवर पाणी आलं. पहिली ओंजळ मी प्यालो. साखरेसारखं पाणी."

"पावती? चिठ्ठी? एखादा कागद?"

"पाणाड्याचा कागद नसतो. नारळ आणि सुपारी घेतो आम्ही. ही विद्या देवाची, तिची पावती फाडत नाहीत."

"म्हणजे कागद नाही. आणि कंपनीनं शपथेवर लिहून दिलंय, की आवारात एकही बोअर नाही आणि कधीच नव्हता. मग खोटं कोण बोलतंय?"

"ज्यानं पाणी नासवलं तो."

"एवढंच लिहून घ्यावं," वागळे जजसाहेबांना म्हणाले आणि खाली बसले. माझ्या साक्षीचं काय झालं ते मला तिथेच कळलं.

आमच्या सोनखळीच्या एकतीस विहिरींचं पाणी तेव्हा तीन वर्षं लालसर येत होतं. आधी चहाचा रंग बदलला, मग धोतरं पिवळी पडली, मग म्हशी गाभडायला लागल्या, रेडकं पोटातच जायला लागली. कंपनी रंगाची. कापडाला लागणारे रंग तिथे बनत. कंपनीच्या तज्ज्ञानं अहवाल दिला, की इथली मातीच तांबडी आहे. अहो, तीच माती आणि तेच गाव, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून माणसं त्या विहिरी पीत आली. मातीला कधी अशी अवदसा आठवली नव्हती.

माझी बायको पारू हिच्या हातांची सालं निघत होती. भाकरी थापताना ती मधेच थांबायची आणि हात तोंडापाशी नेऊन फुंकर घालायची. मी बघतोय असं दिसलं की म्हणायची, "मीठ जास्त पडलं पिठात, झोंबतंय." भाकरीच्या पिठात मीठ घालत नाहीत हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

गावाची वकील विनया केंद्रे. तालुक्याची पोरगी, तिशीतली, स्कूटरवरून हिंडायची. ती पहिल्यांदा माझ्या ओसरीवर आली तेव्हा बोलता बोलता मी बोअरचं सांगून गेलो. अभिमानानंच सांगितलं, लपवायचं काय त्यात?

तिनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "पण नाना, कंपनीला धरणाचं पाणी पाइपानं येतं. सुरुवातीपासून येतं. मग त्यांना बोअर कशाला लागला?"

"जास्तीचं असावं म्हणून."

"मोटर बसवलेली बघितली का? टाकी? त्या बोअरच्या पाण्यावर एक झाड तरी लावलेलं बघितलं?"

मी आठवत राहिलो.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाना, त्यांना पाणी काढायचंच नव्हतं. ओतायचं होतं."

त्या दिवशी ताट माझ्या पुढ्यातून तसंच उचललं गेलं. विषारी पाणी नदीत सोडलं तर दिसतं, ओढ्यात सोडलं तर वास येतो. पण जमिनीत दोनशे फुटांवर, बरोबर झऱ्याच्या तोंडात सोडलं तर? ते सगळ्या गावाच्या घागरीत आपोआप पोचतं. आणि ते तोंड कुठे आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? मी. आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, देवाचं नाव घेऊन सांगितलं.

जजसाहेबांनी शेवटी एक केलं. धोत्रे नावाच्या एका वकिलांना कोर्ट कमिशनर नेमलं. त्यांनी कंपनीच्या आवारात जाऊन बघायचं, पंचनामा करायचा आणि अहवाल द्यायचा. बोअर सापडला तर दावा उभा राहील. नाही सापडला तर आम्ही एकतीस घरं खोटी, आणि पाणी तांबड्या मातीचं.

शुक्रवारी सकाळी कमिशनर, दोन्ही वकील आणि मी गेटात शिरलो. मॅनेजर सरपोतदार स्वतः सामोरे आले. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. पायाला हात लावायला ते माझ्यापुढे वाकलेसुद्धा.

"या नाना. तुम्हाला हे आवार काही नवीन नाही. कार्तिकीच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत तुम्हीच असता. बुवा तर विचारतात, आमचा टाळकरी आला का?"

हे त्यांनी कमिशनरांना ऐकू जाईल असं म्हटलं. आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

कीर्तन हे माझं व्यसन. चार गावं ओलांडून चालत जाईन, पण अच्युतबुवांचं कीर्तन चुकवणार नाही. कुणाला दारू लागते, मला बुवांचा उत्तररंग लागतो. बुवा पदर खोचून, एक पाय पुढे टाकून आख्यान लावायचे तेव्हा मला माझं नावही आठवत नसे. सरपोतदारांनी ही नस बरोबर ओळखली होती. चार वर्षांपूर्वी त्यांनी आवारात विठोबाचं देऊळ बांधलं. फरशा गुळगुळीत, कळस सोनेरी. प्रत्येक एकादशीला कीर्तन आणि आम्हा गावकऱ्यांना आमंत्रण. विहिरी लाल झाल्यावरही मी तिथे जात राहिलो. पारू म्हणायची, "त्यांच्या अंगणात टाळ कुटायला लाज नाही वाटत?" मी म्हणायचो, "देव कंपनीचा नसतो गं." केवढा शहाणा होतो मी!

"खिलारे, दाखवा जागा," धोत्रे म्हणाले. तरुण माणूस, घामाघूम झालेला, हातात फाइल. सोबत लिहून घ्यायला एक कारकून आणि कुदळ-पहार घेतलेले दोन मजूर.

अकरा वर्षांत आवार ओळखू येत नव्हतं. चिंच गेली होती, बांध गेला होता, चहूकडे शेड उठल्या होत्या. पण माझी एक रीत आहे. जागा सापडली की तिथे दगड ठेवतो, आणि दगडावर विश्वास न ठेवता शेताच्या हद्दीच्या दगडापासून पावलं मोजून लक्षात ठेवतो. रात्रीतून गुरं दगड हलवतात, बोअरवाला दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, नाना कुठे? मग मी मोजून दाखवतो. त्या जागेची एकशेचाळीस पावलं होती, ईशान्येच्या हद्दीच्या दगडापासून मावळतीला सरळ. हद्दीचा दगड सरकारी, तो कुंपणाच्या भिंतीत तसाच होता.

"नारळ नाही आणला आज?" वागळ्यांनी विचारलं.

"नाही साहेब. तुम्ही परत त्याची साक्ष काढाल."

मी दगडाला पाठ लावली आणि चालू लागलो. विनया माझ्यासोबत मोठ्यानं मोजत होती. एकशेचाळीसला मी उघड्या फरसबंद जागेत उभा होतो. मजुरांनी फरशा उचलल्या. खाली मुरूम. कमरेएवढं खणलं, तरी मुरूमच. ऊन डोक्यावर आलं. सरपोतदारांनी सगळ्यांसाठी बाटलीबंद पाणी मागवलं. आमच्या गावच्या जमिनीवर उभं राहून बाटलीचं पाणी! मी घेतलं नाही.

"लिहा," वागळे कारकुनाला म्हणाले, "दर्शविलेल्या ठिकाणी बोअर आढळून आला नाही."

"थांबा," विनया म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाना, नक्की एकशेचाळीसच ना?"

"देवाशपथ."

"सरळ रेषेतच आलो ना आपण?"

"सरळच." बोलता बोलता मी गुडघा चोळत होतो. तो दोन वर्षांपासून धरला होता. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. जागा दाखवली तेव्हा, पंचावन्नाव्या वर्षी, मी बैलाच्या पुढे चालायचो. आता पारू पाण्याची घागर घेऊन माझ्या पुढे जाते.

"बाई, मोजणी बरोबर आहे. पाऊल आखडलंय माझं."

आम्ही दोघांनी एकदमच मावळतीकडे बघितलं. त्याच रेषेत पुढे, वीस-बावीस पावलांवर, विठोबाचं देऊळ होतं.

त्या क्षणी मला मागच्या कार्तिकीचं कीर्तन आठवलं. पेटीवर आमच्या गावचा शिवलिंग होता. मधेच तो माझ्याकडे झुकून म्हणाला होता, "नाना, खालून कुणीतरी सूर धरलाय, माझ्या काळी दोनच्या पट्टीशी भांडतोय." मलाही तळव्यांना बारीक घरघर जाणवत होती. मी म्हटलं, मृदंग घुमतोय. बुवा नामाचा गजर लावून नाचत होते, आम्ही नाचत होतो, आणि आमच्या पायांखाली पंप चालू होता.

"देवळाच्या आत आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

 मग शेडच्या सावलीतले कामगार पुढे आले. चाळीस-पन्नास असतील, त्यात आमच्या गावचेही होते.

"ए नाना, डोकं फिरलं का तुझं? देवळात पहार घालणार?"

"सकाळपासून खड्डे खणून झाले, आता देव खणा!"

सरपोतदारांनी दोन्ही हात वर करून त्यांना शांत केलं. मग कमिशनरांकडे वळून म्हणाले, "साहेब, आवार सगळं उघडं आहे, काहीही बघा. पण ही श्रद्धेची जागा आहे. इथे काही झालं तर मी माणसं आवरू शकणार नाही."

मला हे शब्द पाठ आहेत. सरकारी तपासणीवाले यायचे तेव्हा काय व्हायचं ते मी स्वतः बघितलं होतं. साहेब लोक देवळापाशी बूट काढायचे, हात जोडायचे, गजानन पुजारी त्यांना पेढा द्यायचा, आणि डोक्यावर रुमाल तसाच ठेवून ते गाडीत बसायचे. देवाच्या पुढ्यात फरशी कोण ठोकून बघतं?

विनया कमिशनरांशी भांडत होती. "हुकमात 'आवारातील सर्व जागा' असं लिहिलंय, साहेब."

"मान्य आहे मॅडम. पण मूर्ती हलवायची म्हणजे... मी सोमवारी कोर्टाकडून वेगळा हुकूम घेतो."

"सोमवारी इथे सिमेंट असेल!"

"मॅडम, बाहेर पन्नास माणसं उभी आहेत. माझ्यासोबत पोलीस नाहीत."

खरं होतं ते. त्या पोराचा काय दोष? पण सोमवारपर्यंत पाइप कापला गेला असता, भोक बुजलं असतं, वर नवी फरशी आली असती. मग माझी पारू जन्मभर पिठात मीठ जास्त पडलं म्हणत राहिली असती.

मी चपला काढल्या.

"साहेब," मी कमिशनरांना म्हटलं, "खणायला हुकूम लागतो. दर्शनाला लागतो का?"

"दर्शनाला? नाही... दर्शन घ्या की."

सरपोतदार माझ्याकडे बघत राहिले. कामगारांच्या देखत मला अडवणार कसे? देऊळ सर्वांना खुलं आहे, ही पाटी त्यांनीच लावली होती.

आत गारवा होता. गाभाऱ्यापुढे पितळी कठडा आणि त्याला कुलूप. इथे पायांवर डोकं ठेवू देत नसत. चार वर्षं मी लांबूनच हात जोडत आलो होतो. एकदा विचारलं तेव्हा गजानन म्हणाला होता, "मूर्तीची झीज होते नाना." तेव्हा मला ते पटलं होतं.

गजानन कठड्याशी उभा होता. पस्तिशीचा, कंपनीनंच नेमलेला. दोन लेकरं कंपनीच्या शाळेत.

"गजानन, कुलूप काढ. पायावर डोकं ठेवायचंय."

"नाना, तसं चालत नाही इथे."

"आमच्याकडे विठोबाला असंच भेटतात. कुठल्या विठोबाला लांबून हात जोडतात रे? हा काय अधिकारी आहे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे दारात सरपोतदार येऊन उभे होते.

"गजानन," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

गजाननचा हात जानव्याला गेला. किल्ली तिथेच बांधलेली होती. ती त्यानं सोडवली.

"साहेब," तो म्हणाला, "नाना पायावर डोकं ठेवीन म्हणतायत. त्याला नाही कसं म्हणू?" आणि त्यानं कुलूप काढलं. मी शेजारून जाताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "प्राणप्रतिष्ठा झालेली नाही नाना. साहेबांनी करू दिली नाही. मी दोनदा म्हटलं होतं."

मी देवाच्या पायांवर डोकं टेकवलं. विटेचा स्पर्श माझ्या कपाळाला नीट कळला. थंडगार काळा दगड असायला हवा होता, पण ती वीट कोमट होती.

रागानं माझे कान बंद झाले. मी मूर्तीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. पुरुषभर उंच नव्हती, पण माझ्या छातीला लागेल एवढी होती. तेवढा दगड चार माणसांना उचलवत नाही. मला वाटलं, निदान हलते का बघू, सांधा दिसतो का बघू. मनात म्हटलं, विठ्ठला, तू असशील तर जागचा हलू नकोस. आणि सगळा जीव एकवटून ओढली.

मूर्ती एकदम माझ्या अंगावर आली. मी मागे कोलमडलो, कठड्यावर पाठ आदळली, आणि ती मूर्ती माझ्या मिठीतच राहिली. एखादं रिकामं पिंप उचलावं तेवढंच वजन. फायबर होतं. काळ्या दगडासारखा रंग दिलेलं, आतून पोकळ फायबर. वीटही त्यातलीच. खालच्या कडेला दोन कड्या बसवलेल्या होत्या, उचलायला सोप्या जाव्यात म्हणून.

विठोबा उभा होता त्या जागेवर लोखंडी दार होतं. कमिशनर धावत आत आले, चपला घालूनच. मजुरांनी दार उघडलं. नाकात घण घातल्यासारखा वास वर आला. खाली खड्डा, खड्ड्यात पंप, आणि मधोमध मी पाहिलेलाच सहा इंची केसिंग पाइप. त्यात शेडकडून आलेली काळी नळी घुसवलेली. कडेला किरमिजी रंगाचे थर वाळून बसले होते. एका खुंटीला पान्हे टांगलेले होते. दुरुस्तीला माणसं येत असणार. देव बाजूला ठेवून उतरत असणार, काम झालं की परत ठेवत असणार. आणि एकादशीला मी त्यालाच लांबून हात जोडत होतो.

कामगार दारात दाटले होते. मघाशी ओरडणारा आमच्या गावचा बबन डोक्यावरची टोपी काढून नुसता उभा होता.

"देवा रे," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं जावळ इथे काढलं."

सरपोतदारांनी आवाज खाली आणला. "नाना, ठेवा ती खाली. मूर्ती आहे ती. लोकांच्या भावना असतात."

"भावना?" मी म्हटलं. गुडघा इतका दुखत होता की उभं राहता येत नव्हतं, पण मूर्ती हातातून सुटत नव्हती. "सरपोतदार, माझ्या बायकोचे हात बघायला या एकदा. तिच्यापुढे हा शब्द काढा."

ते फोन कानाला लावून बाहेर गेले. पुढे निकालाला सहा वर्षं गेली, अपिलात आणखी काही. एकतीसपैकी वीस विहिरी अजून बंद आहेत. लोक म्हणतात नाना जिंकला. मला आठवतं ते फक्त त्या दिवशी देवळात पुढे झालं ते.

धोत्रे फरशीवर मांडी घालून बसले.  कारकुनाला एकेक ओळ सांगू लागले. पंपाचा नंबर, नळीची जाडी, केसिंगचा व्यास. मग मान वर करून मला विचारलं, "खिलारे, ही बोअरची जागा कंपनीला कोणी दाखवली?"

विनया पटकन म्हणाली, "नाना, हे साक्षीत आलंय. परत सांगायची गरज नाही."

दारात गाव उभा होता. मी म्हटलं, "लिहा साहेब. मी दाखवली. रंगनाथ खिलारे, राहणार सोनखळी."

बबननं मान खाली घातली.  पुढे वर्षभर गावात मला कुणी पाणी बघायला बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

कारकून लिहीत होता. एका ओळीवर येऊन तो थांबला आणि धोत्र्यांकडे बघू लागला. "साहेब, हे काय म्हणून लिहू?" त्यानं माझ्या मिठीतल्या मूर्तीकडे पेन दाखवलं. "श्री विठ्ठलाची मूर्ती, एक?"

धोत्रे गोंधळले. त्यांनी गजाननकडे बघितलं, गजाननानं जमिनीकडे. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या गावातला सगळ्यात जुना टाळकरी होतो.

मी मूर्ती आडवी करून फरशीवर ठेवली, पोकळ बाजू त्यांच्याकडे करून.

"झाकण लिहा," मी म्हणालो.